पाठमोऱ्यांचं वाक्य

पाठमोरे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव घराच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण दार दिवसभर उघडं असायचं आणि त्यामुळे पाटी भिंतीकडे तोंड करून असायची. सिनेमाच्या धंद्यात मात्र सगळे त्यांना पाठमोरे म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवलं होतं. अर्धं आयुष्य त्यांनी पडद्यावर गर्दीचं काम केलं. कोर्टात मागच्या बाकावर बसलेला माणूस, इस्पितळात पेपर वाचणारा माणूस, दंगल सुरू झाली की पहिल्या आरोळीला चप्पल टाकून पळणारा माणूस, हे सगळे पाठमोरेच. दिसली ती त्यांची पाठ, फार तर एक कान.

नायक समोरून आला की आपण पाठ करायची, हा त्या धंद्यातला पहिला धडा. दुसरा धडा असा की गर्दीतल्या माणसांनी आपसांत बोलायचं, पण आवाज काढायचा नाही. ओठ हलवायचे, हातवारे करायचे, मान डोलवायची, आणि घशातून हवासुद्धा बाहेर सोडायची नाही. पाठमोरे त्यात असे तरबेज होते की शेजारच्याला वाटावं आपल्यालाच बहिरेपण आलं. ओठांनी ते काय काय बोलत! भाजीचे भाव, मेहुण्याची निंदा, एकदा तर नायिकेच्या नाचाच्या मागे उभं राहून त्यांनी एका जुन्या नाटकातला अख्खा प्रवेश म्हणून टाकला. कुणाला पत्ता नाही.

कारण मूळचा गडी नाटकातला. तरुणपणी फिरत्या कंपनीत ते भालदार होते. तिथेही वाक्य नव्हतं, पण रंगमंचावरच्या भालदाराचीसुद्धा एक शान असते. राजाचं स्वगत लांबलं की शेवटच्या रांगेतले लोक भालदाराकडे बघत बसतात. त्याच्या नाकावर माशी बसली की राजा संपला म्हणून समजा. कंपनी बुडाली तेव्हा कपडेपट लिलावात गेला, राजा विम्याचा एजंट झाला, आणि भालदार सिनेमाच्या गर्दीत जाऊन उभा राहिला.

ही गर्दी पुरवणारा जो इसम होता त्याला सगळे दादा म्हणत. वयाने तो पाठमोऱ्यांहून लहान, पण उद्याचं काम ज्याच्या हातात त्याला दादाच म्हणायचं असतं. दादाच्या राज्यात दोन वर्ण होते: मुके आणि बोलके. पडद्यावर ज्याचं एक तरी वाक्य ऐकू आलं तो बोलका. बोलक्याला बसायला खुर्ची, तोंड बघायला आरसा आणि जेवणाची वेगळी रांग. मुक्याला उभं राहायची पूर्ण मोकळीक. दादा कधी कुणावर ओरडला नाही. तो आपल्या हाताची नखं बघायचा आणि कंटाळलेल्या, मऊ आवाजात म्हणायचा, "तुमच्यासारख्यांनी सावलीत नाही उभं राहायचं हो." माणूस आपोआप उन्हात जायचा.

पाठमोऱ्यांचे गुडघे आता खुर्ची मागायला लागले होते. त्यामुळे दादाने जेव्हा एक दिवस त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की कॉलेजवरचा एक सिनेमा आहे, त्यात ग्रंथालयाच्या पहारेकऱ्याला एक वाक्य आहे, तेव्हा ते तरंगतच घरी आले. बायको मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. तिचा तो जोडधंदा होता, खरं तर मुख्यच.

"वाक्य मिळालं," ते दारातूनच म्हणाले.

"कसलं?"

"मला. सिनेमात. एक वाक्य."

मशीन थांबलं. "अख्खं?"

"अख्खं. पूर्णविरामासकट."

"आणि तोंड?"

"तोंडही समोरून."

बायकोने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, आणि ते तोंड एकदा नीट बघून घेतलं. शिकायला त्यांच्याकडे राहिलेली मुलीची मुलगी पुस्तक फेकून उठली. "म्हणून दाखवा ना, आजोबा!"

पाठमोरे खाकरले. "आधी म्हणून दाखवत नसतात. वाक्य शिळं होतं."

"एकदाच!"

"पडद्यावर ऐक."

खरी अडचण शिळेपणाची नव्हती. वाक्य असं होतं: 'ए, ओळखपत्र दाखव. तुमच्यासारख्यांचं इथं काय काम?' सिनेमा होता कॉलेजातल्या गोऱ्या आणि सावळ्या पोरांच्या भांडणाचा. सावळा मुलगा ग्रंथालयात शिरतो, पहारेकरी त्याला अडवतो, तिथून वणवा पेटतो, अशी गोष्ट. आणि पाठमोऱ्यांची नात आजोबांवर गेली होती. रंगानेही. या दोन खोल्यांत, तिच्यासमोर, ते वाक्य तोंडातून निघेना. म्हणून ते न्हाणीघरात नळ सोडून सराव करत. बायको बाहेरून ओरडे, "अहो, वाक्य एकच आहे ना? मग बादल्या किती भरताय?"

तरीही त्यांनी सगळ्या चाळीत सांगितलं. इस्त्रीवाल्याला सांगितलं, दातांच्या डॉक्टरला आ वासलेल्या अवस्थेत सांगितलं. सिनेमा लागला, वाक्य ऐकू आलं, की आपण बोलके. मग खुर्ची.

चित्रीकरण खऱ्याच कॉलेजात होतं. दिग्दर्शक तरुण होता, गोरापान. त्याची पॅन्ट गुडघ्यांवर फाटलेली होती, आणि ती मुद्दाम तशी विकत घेतलेली होती. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांना मैदानात गोळा करून भाषण केलं. "या सिनेमात कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. आपण सगळे एक कुटुंब आहोत!" टाळ्या झाल्या. मग जेवणाची वेळ झाली आणि कुटुंब तीन रांगांत विभागलं गेलं. पहिल्या रांगेला टेबलं होती, दुसरीला खुर्च्या, तिसरीला झाड.

गर्दीसाठी कॉलेजचीच पोरं घेतली होती. काल संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरणारी ती पोरं. दादाने त्यांना उन्हात उभं केलं आणि बोटाने वाटायला सुरुवात केली. "तू इकडं. तू तिकडं. तू इकडं."

"आम्ही दोघी एकाच खोलीत राहतो," एक मुलगी म्हणाली.

"रात्री राहा. दिवसा ती तिकडं."

पंचाईत झाली ती मधल्या रंगाच्या पोरांची. धड गोरी नाहीत, धड सावळी नाहीत, आणि कॉलेजात निम्मी तशीच. पटकथेत त्यांची सोय नव्हती. दिग्दर्शकाने डोकं खाजवलं, पटकथा चाळली आणि त्यांना घरी पाठवून दिलं. चौथ्या दिवशी इकडची पोरं इकडच्या नळावर पाणी पीत होती आणि तिकडची तिकडच्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक लांबून बघून म्हणाला, "बघा, तणाव कसा नैसर्गिक आलाय!"

पाठमोऱ्यांना त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा रंगभूषेच्या खोलीत खुर्ची मिळाली. तसं अजून ते मुकेच होते, पण रंग लावायचा तर बसवावंच लागतं. शेजारच्या खुर्चीत अडवला जाणारा मुलगा होता. दिग्दर्शकाला नट नको होता, अस्सल माणूस हवा होता, म्हणून त्याने कॉलेजातला रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी उचलला होता. डोंगरापलीकडच्या कुठल्याशा खेड्यातला, हसरा, सतत भुकेला पोरगा. सगळे त्याला रसायनवाला म्हणत.

रंग लावणाऱ्या ताईंनी आरशात दोघांकडे बघितलं. "आजोबा-नातू का तुम्ही?"

"नाही हो," रसायनवाला म्हणाला, "हे माझा अपमान करणार आहेत."

"अगं बाई! कधी?"

"तुमचं झालं की लगेच."

ताईंनी पेटी उघडली. गोऱ्या रंगाच्या डब्याच डब्या: दुधाळ, हस्तिदंती, गुलाबी, पहाट, मलई. खालच्या कप्प्यात मोठा डबा एकच, त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलेली: 'इतर'.

तेवढ्यात दिग्दर्शक आत आला. दोन्ही तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याचा चेहरा पडला. "अरे, हे दोघं सारखेच दिसतायत!"

"सारखेच आहेत," ताई म्हणाल्या.

"मग लोकांना कळणार कसं कोण कुणावर अन्याय करतोय? काकांना उजळा. आणि याला... याला अजून थोडा खाली घ्या. याच्या चेहऱ्यावर दुःख पुरेसं दिसत नाही."

"साहेब, मी मुळातच सावळा आहे," रसायनवाला म्हणाला. "म्हणून तर घेतलंत ना मला?"

"कॅमेऱ्याला तेवढं पुरत नाही रे. तुझ्या लोकांची वेदना मला माहीत आहे, तू काळजी करू नकोस."

मग ताईंनी पाठमोऱ्यांना हस्तिदंतीत बुडवलं आणि रसायनवाल्याला 'इतर' फासलं. दोघं उठले तेव्हा एक भिंतीसारखा पांढरा झाला होता आणि दुसरा तव्यासारखा काळा. पाठमोऱ्यांनी आरशात बघितलं. समोर एक गोरा, जरा सुजलेला गृहस्थ उभा होता. त्यांनी सवयीने त्याला आत जायला वाट करून दिली.

ग्रंथालयाच्या दारात दिवे लागले. हाक झाली. रसायनवाला पायऱ्या चढून आला. पाठमोऱ्यांनी छाती भरून घेतली आणि वाक्य म्हटलं. शब्दन्‌शब्द स्पष्ट, विराम जागच्या जागी, शेवटी भुवई वर.

आवाज मात्र आला नाही.

आवाज टिपणाऱ्याने कानावरची यंत्रं काढली, झटकली, वायर ओढून बघितली. दिग्दर्शक म्हणाला, "काका, बोला ना."

"बोललो की."

"ऐकू नाही आलं."

पाठमोऱ्यांच्या लक्षात आलं आणि हस्तिदंतीखालून त्यांना घाम फुटला. एवढ्या वर्षांची मेहनत! ओठ बिचारे शिकवल्याप्रमाणे चालले होते.

दुसऱ्या वेळी त्यांनी घसा आधीच मोकळा करून ठेवला. रसायनवाला वर आला, कॅमेरा त्याच्यामागून सरकला, आणि पाठमोऱ्यांनी झटकन पाठ केली.

"आता काय झालं?"

"नायक आला," पाठमोरे दाराला म्हणाले.

तिसऱ्या वेळी तोंड समोर होतं आणि आवाजही होता, पण तो आवाज म्हणाला, "ए बाळ, ओळखपत्र दाखवतोस का जरा?" रसायनवाल्याने खिशात हातसुद्धा घातला.

मग दिग्दर्शक स्वतः शिकवायला आला. त्याने डोळे वटारले, मुठी आवळल्या, मानेच्या शिरा फुगवल्या. "द्वेष, काका, द्वेष! विष ओका!" पाठमोऱ्यांनी ओकलं. दाढ दुखणारा माणूस डॉक्टरचं नाव घेऊन ओरडतो तसं काहीसं झालं. प्रकाशवाल्यांपैकी एकाने दिव्यामागे तोंड लपवलं. सूर्य उतरायला लागला. दिग्दर्शक दादाकडे बघून म्हणाला, "दुसरा कुणी आहे का?"

दादा हळूहळू दारापाशी आला. सगळं युनिट बघत होतं. दादाने नखं बघितली आणि त्याच मऊ, कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मी म्हणालोच होतो. मुक्याला वाक्य दिलं की असं होतं. तुमच्यासारख्यांचं इथं काय काम?" मग वळून गेला. वाक्य पटकथेतलंच होतं, पण दादाने पटकथा वाचलेली नव्हती. त्याला ती वाचायची गरज कधी पडलीच नव्हती.

पाठमोरे दिग्दर्शकाला म्हणाले, "एकदा. शेवटचं एकदा घ्या."

दिवे लागले. रसायनवाला पायऱ्या चढून आला. या वेळी पाठमोऱ्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते आपली नखं बघत होते. "ए, ओळखपत्र दाखव," ते म्हणाले, अगदी हळू, जांभई दाबल्यासारखं. आणि मग मऊसूत, जवळजवळ कीव केल्यासारखं, "तुमच्यासारख्यांचं इथं काय काम?"

आधी ताई हसल्या. त्यांना आवरेना. मग प्रकाशवाले, मग वायर ओढणारे, मग झाडाखालची अख्खी तिसरी रांग. ज्यांनी ज्यांनी दादाची नखं बघितली होती त्या सगळ्या माणसांनी तो आवाज ओळखला. "कुठून आणलंत हे, काका?" दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाला.

"इथंच मिळालं," पाठमोरे म्हणाले.

सगळ्यांत शेवटी दादानेही टाळ्या वाजवल्या. तीनच, आणि लांब लांब अंतरावर. पण मग जवळ येऊन म्हणाला, "छान. सिनेमा लागू दे, वाक्य ऐकू येऊ दे, मग तू बोलक्यांत." पाठमोऱ्यांना आभाळ ठेंगणं झालं. असं नाटकात शेवटच्या अंकात होतं.

हसला नव्हता तो फक्त रसायनवाला. तो पायऱ्यांवर बसून होता, आणि संध्याकाळच्या जेवणाचं ताट हातात असून जेवत नव्हता. पाठमोरे गुडघे सांभाळत शेजारी टेकले.

"राग आला का रे? वाक्य माझं नव्हतं बाबा."

"नाही हो. तुमच्यावर नाही." त्याने ताटातलं ढवळलं. "आधीचं सगळं ओरडून चाललं होतं ना, तेव्हा मला मजा वाटत होती. खरं म्हणणारे ओरडत नाहीत. ते असंच म्हणतात. तुमच्यासारखं. मला वाटलं, गेलं आता, परत सुरू झालं." मग एकदम हसून म्हणाला, "तुम्ही फार चांगलं केलंत. जरा कमी चांगलं करायला पाहिजे होतं."

पाठमोऱ्यांना आयुष्यात मिळालेली ही पहिली समीक्षा. ती त्यांनी घरी सांगितली नाही.

महिने गेले. चाळ विचारत राहिली. सिनेमा अखेर पुरा झाला आणि पहिला खेळ कॉलेजच्याच सभागृहात ठरला. पाठमोऱ्यांनी कोट घातला. बायकोने जपून ठेवलेलं लुगडं काढलं. नात दोघांच्या मध्ये बसली आणि दर दोन मिनिटांनी विचारत राहिली, "आता का? आता का?"

"थांब. ग्रंथालय येऊ दे."

ग्रंथालय आलं. दारात तो गोरा, सुजलेला गृहस्थ उभा होता. नखं बघत होता. त्याने तोंड उघडलं, आणि पाठमोऱ्यांच्या कानांवर शब्द पडले, "ए, ओळखपत्र दाखव. तुमच्यासारख्यांचं इथं काय काम?"

आवाज त्यांचा नव्हता.

"मेला!" नात दातांतून म्हणाली. "असा कुणी भेटला ना मला, तर..." आणि लगेच कानाशी लागून, "आजोबा, तुम्ही कधी येता?"

पडद्यावर पोरं धावायला लागली होती, पुतळे पडत होते, दिग्दर्शकाचं दुःख संगीतासह वाहत होतं. बायको मात्र पुढे वाकून बसली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर. कापड कुठल्याही रंगात बुडवा, शिवण ती ओळखते. "उभे तुम्ही आहात," ती हळूच म्हणाली. "तो डावा गुडघा तुमचाच. पण आवाज तुमच्या त्या नखंवाल्या दादाचा. फोनवर निरोप देतो तोच."

"आवाज सगळ्यांचेच परत भरले असतील," पाठमोरे म्हणाले. "शेजारी बांधकाम चालू होतं. ठोकाठोक."

"मग तुम्हाला बोलावलं नाही?"

"दादाला निरोप आला असेल."

"मग तुमचं त्यात राहिलं काय?" बायकोने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच हिशेब लागत नव्हता. तोंड ताईंचं, आवाज दादाचा, शब्द दिग्दर्शकाचे.

पाठमोऱ्यांनी विचार केला. "उभं राहणं," ते म्हणाले.

नातीचं तोंड उघडंच राहिलं. "तो तुम्ही होतात? तो मेला?" मग जीभ चावून, "म्हणजे, छान उभे होतात."

खेळ संपला. दिग्दर्शकाने मंचावर येऊन सांगितलं, की हा सिनेमा बघून एका जरी माणसाचं मन बदललं तरी त्याला सगळं मिळालं. खालून टाळ्या झाल्या. इकडची पोरं इकडच्या दाराने बाहेर पडली आणि तिकडची तिकडच्या. पाठमोरे कुटुंबासह मधल्या दालनात आले. रसायनवाल्याने त्यांना गाठलं, वाकून नमस्कार केला आणि नातीला म्हणाला, "यांनी माझा जो अपमान केला होता ना, तो तुम्ही ऐकायला हवा होता. हा काहीच नाही."

दालनाच्या मध्यभागी दादा उभा होता. भोवती सात-आठ पोरं.

"तो आवाज माझा, बरं का!" दादा सांगत होता. पाठमोऱ्यांना बघून त्याला किंचितही संकोच वाटला नाही. उलट हात वर करून त्याने बोलावलं. "ये, ये! अरे, निरोप आला तेव्हा म्हटलं, म्हाताऱ्याला कशाला दगदग. तू नाहीतरी माझीच नक्कल केली होतीस. मग अस्सलच घ्या म्हटलं. दिग्दर्शक म्हणाले, तुमचा आवाज त्या चेहऱ्याला जास्त शोभतो. तुमचा आवाज गोरा आहे म्हणाले." पोरं हसली. दादाने पाठमोऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. आवाज तुझा नाही म्हणजे तू अजून मुक्यांतच, नियम तो नियम. पण पुढच्या सिनेमात म्हातारा न्यायाधीश आहे. दोन वाक्यं. बसून. मी शब्द देतो."

बसून! पाठमोऱ्यांच्या गुडघ्यांनी ते मनापेक्षा आधी ऐकलं. दोन वाक्यं, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीला हातसुद्धा असतात. त्यांनी मान डोलवली. राग असा आलाच नव्हता त्यांना. कंपनीत असताना राजाने ऐन वेळी भालदाराचा शेला पळवल्याचं त्यांनी पाहिलं होतं. ही असली चोरी म्हणजे या धंद्याची रीतच.

"दादा, म्हणून दाखवा ना ते वाक्य!" एक पोरगा म्हणाला.

"अरे, इथं कसं?"

"दाखवा ना!"

दादाने आजूबाजूला बघितलं. वाक्य म्हणायचं तर समोर कुणीतरी लागतं. रसायनवाला होता, पण तो आज स्वच्छ तोंडाने आला होता, नव्या शर्टात, आणि लोक त्याच्याशी हस्तांदोलन करत होते. मग दादाला पाठमोऱ्यांच्या शेजारी ती मुलगी दिसली. त्याने नखं बघितली.

"ए, ओळखपत्र दाखव," दादा मऊ आवाजात तिला म्हणाला. "तुमच्यासारख्यांचं इथं काय काम?"

म्हटलं मात्र अप्रतिम. एकही पोर हसलं नाही. नातीचा हात नकळत पर्सकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि तिचा चेहरा पायऱ्यांवर ताट घेऊन बसलेल्या त्या पोराच्या चेहऱ्यासारखा झाला. पाठमोऱ्यांनी तो चेहरा एकदा पाहिला होता. त्या वेळी वाक्य त्यांच्या तोंडून गेलं होतं.

"नीट बोल," ते म्हणाले.

दादा इकडेतिकडे बघायला लागला. कोण बोललं ते त्याला कळेना. एवढ्या वर्षांत तो आवाज त्याने या सुरात कधी ऐकलाच नव्हता.

"माझी नात आहे ती. नीट बोल तिच्याशी."

"अरे! मी वाक्य म्हणतोय! सिनेमातलं!"

"मग भिंतीकडे बघून म्हण. इथं ती उभी आहे."

रसायनवाल्याला हसू फुटलं. मग इकडच्या एका पोराला, मग तिकडच्या. दादाचा गोरा आवाज एकदम पिवळा पडला. "तुला कळतंय का तू कुणाशी बोलतोयस? न्यायाधीश विसर. उद्यापासून गर्दीतसुद्धा यायचं नाही."

"बरं," पाठमोरे म्हणाले.

एवढ्यात दिग्दर्शक तिथे पोचला. जमलेली पोरं, तापलेले चेहरे बघून तो हरखून गेला. "वा! चर्चा सुरू झाली! मला हेच तर हवं होतं!" त्याने पाठमोऱ्यांचा हात हातात घेतला. "आजोबा, आपण? कुणाचे पालक का?"

"मी तुमचा पहारेकरी."

"नाही नाही," दिग्दर्शक प्रेमाने म्हणाला, "ते गोरे होते." आणि पुढच्या घोळक्याकडे वळला.

तिघं बाहेर आले. बसथांब्यापर्यंत चालत गेले. मग बायकोने विचारलं, "उद्यापासून काय करणार?"

"तुझ्या अभ्र्यांना काजं करीन."

"सुई दिसते का तुम्हाला?"

"नाही." पाठमोरे थांब्याच्या कठड्याला टेकले. त्यांचा चेहरा पहिला प्रवेश पार पडलेल्या नटासारखा तापलेला होता. "पण तो चुकला. ऐकलंत ना? 'काय काम' वर त्याने जोर दिला. जोर तिथं नाही. मी 'इथं' वर अगदी नकळत थांबलो होतो. आणि नखं बघायची ती आधी, वाक्याबरोबर नाही."

"हळू," बायको म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. आता ते 'नीट बोल'. ते मी कसं म्हणालो? वरच्या पट्टीत गेलं का जरा?"

"गेलं थोडं," नात डोळे पुसत म्हणाली. "पण ऐकू आलं. अगदी मागच्यांनासुद्धा."

"पुन्हा म्हणू?"

"म्हणा."

त्यांची बस आली, थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. तिघांपैकी कुणीही हात केला नाही, कारण पाठमोरे अजून सांगतच होते.